पारख खेळाडूची, की वाढत्या वयाची?

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जळोचीपासून इंदापूरपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर संघांची झाडाझडती सुरू होते. पुणेरी पलटणने कोणाला धरून ठेवले, यू मुंबाने कोणाला सोडले, कोणावर उगाच पैसा उधळला. मोठ्या नावांवरची चर्चा लवकर संपते, कारण ती सगळ्यांनी पाहिलेली असतात. खरा रंग चढतो तो नव्या पोरांवर. अठरा-एकोणीस वर्षांचा, फार तर दोन-तीन स्पर्धांत पाहिलेला मुलगा. ‘उंची बघ, मांड्या बघ, पोरगं दमदार हाय,’ असे एक म्हणतो. ‘अंगात काय नाय, पहिल्याच पकडीत मोडंल,’ असे दुसरा म्हणतो. आयपीएलच्या लिलावानंतरही हेच चित्र असते.

अमेरिकेत बेसबॉलचे चाहते हेच करतात. तिथे शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंची दरवर्षी निवड होते आणि संघ ओळीने एकेकाला उचलतात. १९६५पासून ही पद्धत चालू आहे, आणि निवड संपायच्या आत चाहते आपापल्या संघाला गुण देऊन मोकळे होतात.

ही करमणूक आहे आणि तिच्यात काही वाईट नाही. अडचण पुढे सुरू होते. टीव्हीवरच्या पोराला जोखणारी नजर संध्याकाळी गावच्या मैदानावर येते आणि तिथल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर फिरते. गावोगावच्या प्रीमियर लीगमध्ये आता खेळाडूंचा लिलावही होतो. त्यात शाळकरी मुलांची नावे असतात, आणि कोणावर बोली लागली, कोणावर नाही, हे सगळ्या गावासमोर ठरते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ही पारख ज्या तीन गोष्टींवर चालते, त्या म्हणजे अंगकाठी, कागदावरचे वय आणि मागच्या स्पर्धेतली कामगिरी. वाढत्या वयात याच तिन्ही गोष्टी सर्वांत जास्त फसवतात.

बोली आणि निकाल

आधी मोठ्यांचे पाहू. ऑक्टोबर २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले. त्या हंगामात त्यांचा संघ २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिला. पवनच्या कौशल्यात खोट होती असे मुळीच नाही. खेळ सात जणांचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याच हंगामात १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले. पलटणनेही मोहम्मदरझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते, हे खरे. पण संघाचा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, जो दोन हंगाम आधी नवा तरुण खेळाडू म्हणून संघात आला होता. २०२४च्या पुढच्या हंगामात त्याचा गुडघा दुखावला आणि तो मधूनच बाहेर गेला. २०२५मध्ये तो परतला आणि संघ पुन्हा अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. या चार वर्षांतल्या कोणत्या दिवशी त्याची ‘पारख’ केली, यावर उत्तर बदलत गेले असते.

चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचेही तसेच. यू मुंबाकडून पहिलाच हंगाम गाजवल्यावर २०१९मध्ये त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची, त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली लागली. आठव्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने त्याला बहुतेक सामन्यांना मुकावे लागले. कट्ट्यावरच्या कोणत्याही जाणकाराला तो खांदा आधी दिसला नव्हता आणि दिसणे शक्यही नव्हते.

बेसबॉलमध्ये तर याच्या नोंदी सहा दशकांच्या आहेत. १९९१मध्ये देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ब्रायन टेलर खांद्याला इजा झाल्यावर मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. १९६६चा पहिला मानकरी स्टीव्ह चिलकॉट याचीही कहाणी खांद्यापाशीच संपली. उलट १९८८मध्ये माईक पियाझा ६२व्या फेरीत, एक हजार तीनशे नव्वदावा, जवळजवळ उपकार म्हणून घेतला गेला. २०१६मध्ये त्याचे नाव त्या खेळाच्या मानाच्या दालनात लागले. या संघांकडे पगारी निरीक्षक, डॉक्टर, वेग मोजणारी यंत्रे असे सारे असते. तरीही अठराव्या वर्षीचा अंदाज इतका चुकतो. मग तेराव्या वर्षी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या अंदाजाचे काय होत असेल?

एकाच वर्गात दोन वयांची शरीरे

मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात. त्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढते. पण ‘साधारण’ हा शब्द इथे महत्त्वाचा. कोणाचा हा झपाटा बाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या. दोन्ही पूर्णपणे निरोगी. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर मिसरूड फुटलेला पाच फूट आठ इंचाचा मुलगा आणि पाच फुटांच्या आतला कोवळा मुलगा शेजारी बसतात. कबड्डीच्या मॅटवर पहिला दुसऱ्याला सहज उचलतो. बघणारे म्हणतात, याच्यात खेळ आहे. खरे तर त्या दिवशी त्याच्यात पुरुषी संप्रेरके जास्त आहेत.

चार वर्षांनी दुसरा मुलगाही वाढतो. लवकर वयात आलेल्या मुलाची वाढ तोवर थांबलेली असते. पहिल्याचा ताकदीचा फायदा संपतो. नुसत्या ताकदीवर जिंकत आल्यामुळे पदन्यास, हुलकावणी, वेळ साधणे शिकायची त्याला गरजच पडलेली नसते. दुसऱ्याला मात्र टिकण्यासाठी डोके चालवावे लागलेले असते. फक्त तो अजून मैदानावर असायला हवा. बहुतेकदा तो नसतो. ‘तुझ्या अंगात काही नाही, अभ्यास कर,’ हे त्याने चौदाव्या वर्षीच ऐकलेले असते.

झपाट्याच्या काळात आणखी एक गंमत होते. हाडे आधी लांबतात, स्नायू आणि तोल नंतर जुळतात. काल चपळ असलेला मुलगा सहा-आठ महिने अवघडल्यासारखा खेळतो, पायात पाय अडकतो. लोक म्हणतात, पोराचे लक्ष उडाले, मोबाईल लागला. मोबाईल लागलाही असेल, पण पाय अचानक लांब झालेत हेही खरे आहे. थोडा धीर धरला तर हे आपोआप बसते.

१ जूनची मुले आणि मनगटाचा एक्स-रे

दुसरी फसगत जन्मतारखेची. भारतीय क्रिकेट मंडळाच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर. तिशीत ते अंतर कोणाला कळणारही नाही, पण तेराव्या वर्षी ते हाताएवढे दिसते. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या खूप जास्त आहे, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये दाखवून दिले. नंतर फुटबॉल, क्रिकेट अशा कित्येक खेळांत तेच आढळले. थोडा मोठा मुलगा निवडला जातो, म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक, चांगले सामने मिळतात, म्हणून तो खरोखरच चांगला होतो. मग निवडणारा म्हणतो, बघा, माझी पारख बरोबर ठरली.

महाराष्ट्रात कागदावरच्या वयाची कहाणी जुनीच आहे. एका पिढीच्या निम्म्या मास्तरांचा आणि तलाठ्यांचा वाढदिवस १ जूनला यायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. तेव्हा हेतू शाळेत प्रवेश मिळावा एवढाच होता. आता काही ठिकाणी दोन वर्षे कमी दाखवण्यासाठी दाखले बदलले जातात. त्यामुळे सोळा वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. ही तपासणी उपयोगी आहे, पण ती जन्मदाखला नव्हे. लवकर वयात आलेल्या मुलाची हाडे त्याच्या खऱ्या वयापेक्षा वर्षभर पुढे असू शकतात, उशिरा येणाऱ्याची मागे. म्हणजे प्रामाणिक मुलगाही त्यात अडकू शकतो आणि वय चोरणारा एखादा सुटूही शकतो. हाडांचे वय जास्त निघाले म्हणून एखाद्या मुलाला गावात ‘चोर’ म्हणणे हे शास्त्राला धरून नाही.

एका सामन्याचा हिरो

तिसरी फसगत आकड्यांची. एखाद्या मुलाने रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धेत एका सामन्यात अठरा गुण घेतले की पंचक्रोशीत नाव होते. पण फार चांगल्या दिवसात कौशल्याबरोबर नशीबही असते. समोरचा कोपरारक्षक जायबंदी होता, एक-दोन निर्णय बाजूने लागले. पुढच्या सामन्यात तो आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो, जसे कोणीही येईल. लोक मात्र म्हणतात, डोक्यात हवा गेली. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. यात त्या मुलाचा काही दोष नसतो.

याच्या जोडीला एकाच यशस्वी उदाहरणाची भूल पडते. वैभव सूर्यवंशीला नोव्हेंबर २०२४च्या लिलावात राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २८ एप्रिल २०२५ला त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. हे अद्भुत आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्यानंतर सातवीतल्या मुलाची शाळा सोडवून त्याला अकादमीत टाकणाऱ्या बापाने हे लक्षात घ्यावे की, बातमी एकाची होते. त्याच वयात तेवढेच चेंडू खेळून, तेवढेच कष्ट करून घरी परतलेल्यांची बातमी होत नाही.

पारखीची किंमत शरीर मोजते

इथवरचे नुकसान संधीचे झाले. पुढचे नुकसान थेट शरीराचे आहे. ज्या मुलावर बोली लागते, त्याला जास्त खेळवले जाते. शनिवारी एका गावाकडून, रविवारी दुसऱ्या, मधल्या दिवसांत शाळेकडून. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. तिच्यावर रोज ओढ बसली की गुडघ्याखाली उंचवटा येऊन दुखते, टाच दुखते, गोलंदाजाचा खांदा आणि कोपर दुखते. ‘वाढीचं दुखणं हाय, तेल लावा’ म्हणून ते रेटले जाते.

वेगवान गोलंदाजांची कंबर हा तर वेगळाच विषय. कमरेच्या मणक्यांची हाडे विशीपर्यंत, काहींची त्यानंतरही, पूर्ण घट्ट झालेली नसतात. जोरात वळून, वाकून रोज शेकडो चेंडू टाकले की त्यांना बारीक तडा जातो. जसप्रीत बुमराहसारख्या जगातल्या उत्तम गोलंदाजालाही पाठीच्या अशाच दुखण्यासाठी २०२३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याच्यामागे अख्खे वैद्यकीय पथक होते. टेनिस बॉलच्या स्पर्धेत दिवसाला चार सामने टाकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामागे कोण असते?

अमेरिकेने हा धडा उशिरा घेतला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांच्या कोपरातला तुटलेला बंध बदलण्याची शस्त्रक्रिया १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली. पुढे ती शाळकरी मुलांवर करायची वेळ येऊ लागली. तेव्हा २०१४मध्ये वयानुसार मर्यादा जाहीर झाल्या: तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू फेकायचे, त्यानंतर ठरलेले दिवस विश्रांती, आणि वर्षातून चार महिने फेकणे बंद. हे लिहून ठेवायला एक वही आणि एक पेन पुरते.

कबड्डीत भीती गुडघ्याची. आतला मुख्य बंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने लागतात. लवकर उतरलेल्या तरुण खेळाडूचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो. ‘पट्टी बांध आणि एक चढाई मार’ ही शाबासकी नसते, ती मुलाच्या चाळिशीतल्या गुडघ्यावर काढलेली उचल असते.

वजनकाटा आणि खुराक

वजनगट असलेल्या खेळांत आणखी एक धोका लपलेला असतो. कबड्डी असो वा कुस्ती, वजन बसवण्यासाठी दोन दिवस पाणी तोडणे, जर्किन घालून उन्हात पळणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे हे प्रकार चालतात. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी कमी झाले तरी दम आणि एकाग्रता घसरते. त्याहून पुढे गेले तर मूत्रपिंड आणि हृदयावर ताण येतो. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन कॉलेजच्या पैलवानांचा वजन उतरवताना मृत्यू झाला आणि त्यानंतर तिथले नियमच बदलले. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अवघ्या शंभर ग्रॅमनी अपात्र ठरली, तेव्हा साऱ्या देशाला या काट्याची ओळख झाली. वाढत्या मुलाचे वजन तोडणे म्हणजे त्याची वाढच तोडणे. त्याला वरच्या गटात खेळवावे, हरला तरी चालेल.

उलट टोकाला अंग भरावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पावडरी आणि इंजेक्शने आहेत. स्टिरॉइडने अंग फुगते, पण वाढीची कूर्चा वेळेआधी बंद होऊन उंची कायमची खुंटू शकते. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे, भाकरी आणि नऊ तासांची झोप याला पर्याय नाही.

मुलींचा उल्लेख अशा चर्चेत क्वचितच होतो, म्हणून तो करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे मैदानावरची ‘दमच नाही’ म्हणून बाजूला काढलेली मुलगी कदाचित फक्त लोहाच्या गोळीअभावी मागे पडलेली असते. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. निवड चाचणीच्या आधी ती व्हायला हवी.

मग निवडायचेच नाही?

निवड करावीच लागते. संघात सात जागा असतात आणि मुले सत्तर येतात. अनुभवी वस्तादाची नजर ही खोटी गोष्ट नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण जुन्या तालमीतला वस्ताद एका दिवसात निर्णय देत नसे. तो मुलाला वर्षानुवर्षे मातीत बघायचा: हरल्यावर दुसऱ्या दिवशी येतो का, सांगितलेले ऐकतो का, स्वतःहून काही नवे करून पाहतो का. अंगकाठी वयाबरोबर बदलते. या गोष्टी त्यामानाने टिकतात. कट्ट्यावरची पारख आणि वस्तादाची पारख यांत फरक आहे तो या वेळेचा.

बारामतीत आज मोठे स्टेडियम आहे, तिथे रणजीचा सामनाही झाला. मॅटवरच्या स्पर्धा आहेत, प्रायोजक आहेत. या साधनांबरोबर थोडे शहाणपण आणणे अवघड नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांचा जाहीर लिलाव करू नये. संघ चिठ्ठ्या टाकून करावेत. दर तीन महिन्यांनी उंची मोजून लिहावी. ज्याची उंची झपाट्याने वाढते आहे, त्याचा सराव त्या काळात हलका करावा. अधूनमधून मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून खेळवावे. इंग्लंडच्या फुटबॉल अकादमींनी हे करून पाहिले आहे. लहान चणीच्या मुलाला तिथे पहिल्यांदा आपला खेळ दाखवता येतो आणि थोराड मुलाला पहिल्यांदा डोके लढवावे लागते. दोघांचेही भले होते. चौदाव्या वर्षी वगळलेल्याला पंधराव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा चाचणीला बोलवावे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेले दुखणे डॉक्टरला दाखवल्याशिवाय मुलाला उतरवू नये.

चाहत्यांनीही चर्चा जरूर करावी, फक्त प्रश्न थोडे बदलावेत. पोरगं केवढं आहे, यापेक्षा त्याचे खरे वय किती, तो वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, वर्षभरात किती सामने खेळला, मागची दुखापत पूर्ण बरी झाली का, आणि शाळा चालू आहे का, हे विचारावे. लिलावाच्या दिवशी दिलेले गुण वहीत लिहून ठेवावेत आणि चार वर्षांनी ती वही उघडावी. चार-दोन वेळा असे केले, की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बारक्या पोराला ‘तुझ्यात काही नाही’ असे सांगायची घाई कोणीच करणार नाही.